भाकरीतले मिलिग्रॅम

मुरगूडला साखरेचं अप्रूप कोणाला असणार? वेदगंगेच्या काठाने बघाल तिकडे ऊस, जवळ बिद्रीचा कारखाना, कागल तालुक्यातच हमीदवाड्याचा दुसरा, आणि हंगामात गुऱ्हाळावरून येणारा उकळत्या रसाचा वास. त्यामुळे साखरेचं एखादं नवल सांगायचं तर ते याच गावात सांगावं. जगात अशी काही मुलं जन्माला येतात, ज्यांनी साखर खाल्ली की रक्तातली साखर वाढत नाही, उलट घसरते. गुळाचा खडा किंवा पेलाभर उसाचा रस पोटात गेला की थोड्या वेळात मुलाला घाम फुटतो, उलट्या होतात, अंग थरथरतं. प्रमाण जास्त झालं तर मूल बेशुद्धही पडतं.

यामागची यंत्रणा अशी. ऊस, गूळ, साखर, काकवी या सगळ्यांत मुख्यतः सुक्रोज असतं. आतड्यात त्याचे दोन तुकडे होतात, अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोजची काहीच तक्रार नाही. फ्रुक्टोज मात्र यकृतात जातं, तिथे त्याला फॉस्फेटची जोड मिळते आणि मग ‘अल्डोलेज बी’ नावाचं विकर त्याचे तुकडे करतं. या मुलांत तेच विकर धड नसतं. फॉस्फेट लागलेलं फ्रुक्टोज यकृतातच साठत राहतं, सगळं फॉस्फेट तिथे अडकतं, आणि यकृताचा स्वतःचं ग्लुकोज बनवण्याचा उद्योग ठप्प होतो. म्हणून गोड खाऊन साखर उतरते. १९५६ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये अशा एका तरुणीची हकीकत छापून आली, तोवर वैद्यकाला हा प्रकार ठाऊकच नव्हता.

नवल पुढे आहे. या मुलांना कोणी काही सांगण्याआधीच ती स्वतः गोड टाळायला शिकतात. सणाला पुरणपोळी पुढे आली की ताट सरकवतात, पेढा हातात दिला तर गुपचूप दुसऱ्याला देऊन टाकतात. घरचे म्हणतात, पोरगं तिखटखाऊ आहे. आणि दात बघितले तर मोत्यासारखे, कीड जवळजवळ नाहीच. साखरेने दात किडतात हे आपण सहज म्हणतो. ते सिद्ध करताना संशोधकांनी ज्यांची साक्ष काढली, त्यांत जन्मभर साखरेपासून लांब राहिलेली ही माणसंही होती.

अशा बाळाला आईचं दूध मात्र उत्तम मानवतं, कारण दुधातल्या साखरेत फ्रुक्टोज नसतंच. ती ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची जोडी. खरी पंचाईत उष्टावणाला होते, गोड खिरीच्या पहिल्या घासाला. आणि याच्या नेमकं उलटं बाळही असतं. गॅलॅक्टोसेमिया झालेल्या बाळाला उसाची साखर चालते, पण आईचं दूध चालत नाही. गॅलॅक्टोज पचवणारं विकर नसल्याने पहिल्या आठवड्यातच कावीळ, उलट्या, मंदपणा सुरू होतो आणि दूध चालूच राहिलं तर जिवावर बेततं. तिथे डॉक्टरांना आईचं दूध थांबवायला सांगावं लागतं आणि सोयाबीनपासून केलेलं बाळदूध सुरू करावं लागतं. ज्या कोल्हापूर जिल्ह्यात ‘गोकुळ’ दूध संघाच्या संकलनाला पहाटे किटल्या घेऊन रांगा लागतात, तिथे एखाद्या आजीला हे पटवून देणं किती अवघड असेल, याची कल्पना करून बघा.

तर मुद्दा एका विकराचा. साखर कारखान्याच्या गव्हाणीत बिघाड झाला की काय होतं, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत आहे. मागे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, ऊस वाळतो, ट्रॅक्टर आडवाटेने कुठेही घुसतात. आणि पुढे पोती भरणारे हात रिकामे बसतात. शरीरातही हे तिन्ही प्रकार होतात. कच्चा माल साठतो, तो आडवाटेने जाऊन भलतेच पदार्थ बनतात, आणि पुढे जे बनायला हवं त्याचा तुटवडा पडतो. यांतला कोणता प्रकार मुलाला मारतो, हे आजारागणिक बदलतं. बिघाडाला लागणारा दोष आई आणि बाप दोघांकडून एकेक असा यावा लागतो. दोघंही धडधाकट असतात, त्यांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं, आणि तरी प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते की मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येतील. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये अशा पहिल्या आजाराबद्दल लिहिलं, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की या मुलांचे आईबाप पुष्कळदा एकमेकांची चुलत-मामे भावंडं असतात. मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या आपल्या दक्षिण महाराष्ट्राने हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

आता अशाच एका आजाराच्या वासाकडे येऊ. १९५४ मध्ये अमेरिकेत जॉन मेन्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच घरातल्या चार बाळांची गोष्ट लिहिली. चौघंही जन्मताना ठीक होती, चौघंही पहिल्या काही महिन्यांत गेली, आणि चौघांच्या लंगोटाला मेपल झाडाच्या पाकाचा वास येत होता. आजाराला नाव पडलं तेच, मेपल सिरप युरिन डिसीज. आपल्याकडे मेपल नाही. करपू लागलेल्या साखरेचा, काकवीच्या अंगाने जाणारा गोडसर वास म्हटलं की जवळ जातं. बाळाच्या कानातल्या मळाला तो सगळ्यांत आधी येतो, कधी कधी पहिल्याच दिवशी. या आजारात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं मोडता येत नाहीत. त्यातलं ल्युसिन सर्वांत घातकी. ते रक्तात चढलं की मेंदूला सूज येते, बाळ दूध ओढेनासं होतं, अंग कधी लुळं तर कधी ताठ. हे सगळं आठवडा-दोन आठवड्यांत.

पण या वासात एक मराठमोळी फसगत दडली आहे. तो ज्या रसायनामुळे येतो त्याचं नाव सोटोलोन, आणि हेच सोटोलोन मेथीदाण्यातही असतं. २००१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका निरोगी नवजात बाळाची नोंद आली. बाळाला तोच वास येत होता, डॉक्टर घाबरले, तपासण्या झाल्या, सगळं नीट निघालं. शेवटी कळलं की आईने बाळंतपणाआधी मेथी खाल्ली होती. मेथीच्या लाडवांचे डबे भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांत हे किती सहज घडू शकेल! म्हणून इथल्या डॉक्टरने वास आला की आधी बाळंतिणीचा डबा विचारावा, आणि तरीही रक्त तपासायला पाठवावंच.

या कुळातला सगळ्यांत प्रसिद्ध आजार मात्र फेनिलकेटोन्युरिया. ज्यांनी नाव ऐकलं नाही, त्यांनीही ते वाचलेलं असतं. साखरविरहित शीतपेयाच्या बाटलीवर किंवा मधुमेह्यांच्या गोड गोळ्यांच्या डबीवर बारीक अक्षरांत एक इशारा असतो की यात अस्पार्टेम आहे, फेनिलकेटोन्युरिया असलेल्यांनी घेऊ नये. अस्पार्टेममध्ये फेनिलॲलॅनिन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि या लोकांना तेच मोडता येत नाही. फेनिलॲलॅनिन आहे मात्र सगळीकडे, डाळीत, दुधात, अंड्यात, मटणात, ज्वारीत. पांढऱ्या रश्श्यातही आणि तांबड्यातही.

त्याचा शोध एका आईच्या हट्टाने लागला. नॉर्वेच्या बोर्ग्नी एगेलँड यांची दोन्ही मुलं मतिमंद होती आणि त्यांच्या अंगाला एक कुबट वास येत असे. हा वास कसला, हे विचारत त्या डॉक्टरांमागून डॉक्टर गाठत होत्या. १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं. तांबूस रंगाची अपेक्षा होती. आला गडद हिरवा. मग त्यांनी मतिमंदांच्या संस्थांतल्या ४३० जणांची लघवी तपासली आणि आठ जणांची हिरवी झाली. म्हणजे मतिमंदत्वाच्या त्या भल्यामोठ्या, नाव नसलेल्या गर्दीतून एक नेमका, रसायनशास्त्राला पकडता येईल असा आजार बाजूला निघाला.

उपाय सापडायला अजून पंधरा-सतरा वर्षं लागली, आणि पुन्हा आई मध्ये आली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात शीला नावाची दोन वर्षांची मुलगी होती. उभं राहता येत नव्हतं, बोलत नव्हती, डोकं आपटत राहायची. निदान झालं, पण इलाज नाही असं डॉक्टर होर्स्ट बिकेल सांगत होते आणि तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहत होती. शेवटी बिकेल आणि सहकाऱ्यांनी दुधातल्या केसीन प्रथिनाचे आम्लाने तुकडे केले आणि ते कोळशातून गाळले. कोळसा फेनिलॲलॅनिन धरून ठेवतो. सोबत टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनही अडकतात, ते दोन मग वेगळे मिसळायचे. जगातलं फेनिलॲलॅनिन काढलेलं पहिलं अन्न ते हे. काही महिन्यांत पोर रांगू लागली, खुर्चीला धरून उभी राहू लागली, केसही गडद होऊ लागले. हे खरंच आहाराने झालं का, हे पाहायला डॉक्टरांनी आईला न सांगता त्या पावडरीत फेनिलॲलॅनिन परत मिसळलं. काही तासांत पोर रडू लागली, डोकं आपटू लागली, कमावलेलं सगळं गमावू लागली. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती करू देणार नाही आणि तेच बरं. पण एका अमिनो आम्लाने मेंदूचं काय होतं, हे त्या दिवसांनी डोळ्यांसमोर दाखवलं. १९५३ मध्ये ते छापून आलं. शीला पूर्ण बरी झाली नाही. आहार सुरू होईपर्यंत फार उशीर झाला होता.

आता समजा, मुरगूडमधल्या एखाद्या घरात असं मूल आहे आणि त्याचं निदान वेळेत झालं आहे. स्वयंपाकघरात काय घडेल? फेनिलकेटोन्युरियाच्या तीव्र प्रकारात मुलाला दिवसाला साधारण २५० ते ३५० मिलिग्रॅम फेनिलॲलॅनिन चालतं. प्रथिनाच्या एका ग्रॅममध्ये ते सुमारे ५० मिलिग्रॅम असतं. एका मध्यम भाकरीला साठेक ग्रॅम पीठ लागतं, त्यात सहा ग्रॅम प्रथिन, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. एक भाकरी खाल्ली की दिवस संपला. म्हशीच्या दुधाचा एक पेला साडेतीनशेच्या घरात जातो, तो घेतला तर भाकरीचा चतकोरही नाही. शंभर ग्रॅम तूरडाळीत बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन, शेंगदाण्यात त्याहून जास्त. म्हणजे पाहुणचाराला, वाढीला, ताकदीला म्हणून जे जे आपण लेकराच्या ताटात वाढतो, ते ते काट्यावर.

आणि मग सापडतो साबुदाणा. शंभर ग्रॅममध्ये जेमतेम पाव ग्रॅम प्रथिन, बाकी निव्वळ पिष्ट. आरारूट तसंच. तूप, तेल, साखर यांत प्रथिन नाहीच म्हटलं तरी चालेल. बटाटा, रताळं मोजून. म्हणजे एकादशीचं ताट या मुलाचं रोजचं ताट होऊ शकतं. फक्त खिचडीत दाण्याचं कूट नाही आणि वरईलाही मोजमाप, कारण तिच्यात प्रथिन बऱ्यापैकी असतं. मोठ्यांनी आषाढीला एक दिवस खायचं ते हे पोर बाराही महिने खाणार. प्रथिनाविना मूल वाढत नाही, म्हणून उरलेली सगळी अमिनो आम्लं पावडरीतून द्यायची, दिवसातून तीन-चार वेळा, पाण्यात कालवून. बिकेलच्या गाळलेल्या प्रथिनाची ही नातवंडं. पावडर उग्र वासाची, चव कडवट. तान्हेपणापासून सवय लागली तर मुलं ती बिनबोभाट पितात. उशिरा सुरू झाली तर घरात रोजची लढाई. आया एकमेकींना भेटल्या की पहिला प्रश्न असतो, ‘लेव्हल किती आली?’ रक्तातलं प्रमाण फार चढलं तरी वाईट आणि फार उतरलं तरी वाईट. अगदीच बंद केलं तर वाढ खुंटते, कातडी सोलवटते. म्हणून काटा दोन्ही बाजूंनी सांभाळावा लागतो. ‘एवढ्याशा घोटाने काय होतंय?’ म्हणणारी आजी आणि ‘काहीच देऊ नको, धोका नको’ म्हणणारी घाबरलेली आई, दोघीही सारख्याच चुकतात.

मेपल सिरपवाल्या मुलाचं गणित ज्वारीपाशी अजून बिघडतं. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन फार. १९६० मध्ये हैदराबादचे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांमधला पेलाग्रा हा आजार या ल्युसिनशी जोडला होता. त्यावर पुढे वाद झाले, पण ज्वारीत ल्युसिन भरपूर, याबद्दल वाद नाही. एका भाकरीत ते पाऊण ग्रॅमच्या पुढे जातं, आणि या आजाराच्या कित्येक मुलांचा दिवसाचा वाटा त्याहून कमी असतो.

पण या मुलांचा सगळ्यांत मोठा वैरी ताटात नसतोच. तो त्यांच्याच अंगात असतो. मुलाला ताप आला, उलट्या झाल्या, त्याने जेवण सोडलं, की शरीर इंधनासाठी स्वतःचे स्नायू मोडायला घेतं. स्नायू म्हणजे प्रथिन. पन्नास ग्रॅम स्नायू मोडला तर दहा ग्रॅम प्रथिन सुटतं आणि त्यातून दिवसभराच्या वाट्याहून जास्त फेनिलॲलॅनिन रक्तात येतं. मेपल सिरपच्या मुलात ल्युसिन येतं, आणि ते काही तासांत मेंदूवर चालून जातं. तापात लंघन करावं, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. इथे लंघन प्राणघातक ठरू शकतं. प्रथिन थोडा वेळ थांबवायचं, पण अंगाला इंधन सतत मिळालं पाहिजे. म्हणून साखरेचं किंवा ग्लुकोजचं पाणी दर दोन-तीन तासांनी, रात्री उठवूनही, आणि तेही टिकेना तर तडक दवाखाना आणि शिरेतून डेक्स्ट्रोज. पहिल्या परिच्छेदातल्या मुलाला जी साखर आजारी पाडते, तीच या मुलाचा तातडीचा इलाज. कोणतं मूल कोणतं, हे आधी माहीत असलं पाहिजे एवढंच.

आणि ते माहीत होण्याची वेळ फार थोडी. अमेरिकेतल्या बफेलोचे रॉबर्ट गथ्री यांचा मुलगा मतिमंद होता आणि त्यांच्या भाचीला फेनिलकेटोन्युरिया निघाला होता. त्यांनी शोधलेली चाचणी साधेपणात अजोड आहे. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा एक थेंब जाड गाळणकागदावर घ्यायचा, वाळवायचा, टपालाने पाठवायचा. प्रयोगशाळेत कागदाची टिकली जिवाणूंच्या थरावर ठेवायची. त्या थरात जिवाणूंची वाढ रोखणारं रसायन मिसळलेलं असतं. रक्तात फेनिलॲलॅनिन जास्त असेल तरच त्यावर मात करून टिकलीभोवती जिवाणूंचं कडं उगवतं. कडं मोठं, तर आजार. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९६३ मध्ये ही तपासणी कायद्याने सक्तीची केली. त्याच वर्षी इकडे कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, स्थापन झाला. दोन्हींचा काडीचा संबंध नाही, पण तारखा अशा शेजारी बसल्या की मजा वाटते.

आपल्या बाजूलाही हे काम झालं आहे. मुरगूडहून निपाणी जवळ. त्या कर्नाटकात १९८० च्या दशकात लाखाहून अधिक नवजात बाळांचं रक्त अशा अमिनो आम्लांच्या आजारांसाठी तपासलं गेलं, आणि नात्यातल्या लग्नांशी त्यांचा संबंध पुन्हा दिसला. घाट उतरून खाली गेलं की गोवा. तिथल्या सरकारने २००८ मध्ये राज्यातल्या बाळांची अशी तपासणी सुरू केली. देशभर सर्व बाळांसाठी ती अजून नाही. त्यामुळे आपल्याकडे बहुतेक निदानं मूल आजारी पडल्यावर होतात, किंवा घरातलं आधीचं बाळ गेलेलं असतं म्हणून डॉक्टरला शंका येते. नवजात बाळ दूध सोडतंय, झोपाळलंय, जंतुसंसर्गाच्या औषधांना दाद देत नाही, आणि त्या घरात आधीही असं झालेलं आहे. एवढं जुळलं तर थेंबभर रक्त पाठवायला उशीर करू नये.

पावडर बहुतेक परदेशातून येते आणि ती महाग आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात विशेष आहारावर जगणाऱ्या या आजारांचा स्वतंत्र उपगट आहे. मुंबईचं केईएम त्या धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक, आणि अशा केंद्रांत नोंद झालेल्या रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. धोरणात नोंदलेल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराला मागवलेल्या अशा अन्नावरची मूळ सीमाशुल्क आकारणी १ एप्रिल २०२३ पासून माफ झाली. कागदावर हे छान आहे. पण मुरगूडच्या आईला कोल्हापूर गाठून, तिथून मुंबई गाठून, दरमहा डबे आणायचे असतात, ते कोणत्याच अधिसूचनेत मावत नाही.

एका आजारात तर काट्यातून कायमची सुटकाही होते, आणि ती ज्या रीतीने होते ते मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारं वाटतं. मेपल सिरपच्या मुलाला निरोगी यकृत बसवलं की ल्युसिन मोडण्याइतकं विकर मिळतं आणि मूल इतरांसारखं जेवू लागतं. मग त्याचं काढलेलं यकृत? अमेरिकेत पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी अशी यकृतं फेकून दिली नाहीत. यकृतासाठी ताटकळलेल्या दुसऱ्या रुग्णांना ती बसवली. ‘बिघडलेलं’ यकृत घेतलेल्या त्या माणसांना हा आजार झाला नाही. ल्युसिन मोडणारं विकर फक्त यकृतात नाही, स्नायूंतही असतं, आणि त्यांचे स्नायू शाबूत होते.